हायकोर्टाची चूक

आमच्या पेपरात दर रविवारी पुरवणीच्या तिसऱ्या पानावर 'विचारून तर बघा' हे सदर येतं. वाचक प्रश्न पाठवतात, ताई उत्तरं देतात. प्रश्न सगळे हल्लीचे. मुलगा घरी बसून नोकरी करतो, त्याला दिवसभर चहा कोणी द्यायचा? शेजाऱ्याने कॅमेरा बसवलाय, तो नेमका आमच्या दारावर डोळा ठेवून आहे, काय करू? मुलगी म्हणते लग्न नको, कुत्रा हवा. हो म्हणू का?

ताईंना ऑफिसात समोर सगळे 'ताई' म्हणतात आणि पाठ फिरली की 'हायकोर्ट'. हे नाव मी ठेवलं असा काही लोकांचा समज आहे. पण मी नोकरीला लागण्याआधीपासून ते चालत आलंय, आणि त्याला आमचा शिपाई साक्षीदार आहे. नाव मात्र बरोबर बसलंय. 'दोन्ही बाजूंनी विचार करा', 'संवाद साधा' असली गुळमुळीत उत्तरं ताई देत नाहीत. कॅमेरावाल्याला त्यांनी लिहिलं होतं: 'शेजाऱ्याला कॅमेरा फिरवायला सांगा. उद्या सकाळी. सोबत बायकोला न्या, तुमचा आवाज चढतो असं पत्रावरून दिसतं.' निकाल लागला. अपील नाही.

ताई मुळात प्रूफरीडर. बावीस वर्षं त्या आमच्या पेपरातल्या चुका शोधत होत्या. त्या काळात हे सदर एक प्राध्यापक लिहायचे. त्यांच्या पदव्या इतक्या होत्या की उत्तरापेक्षा नाव लांब व्हायचं. एका आठवड्यात ते परदेशातल्या मुलाकडे गेले आणि मजकूर पाठवायला विसरले. पान छपाईला जायला दोन तास उरलेले, टेबलावर चार पत्रं आणि संपादक डोकं धरून बसलेले. ताई म्हणाल्या, "उत्तरं मी लिहिते. नाहीतरी त्यांची मीच नीट करत होते." त्याला आता नऊ वर्षं झाली. प्राध्यापक परत आले, पण सदर काही त्यांच्याकडे परत गेलं नाही.

ताई पत्र स्वतः वाचत नाहीत. "बावीस वर्षांत डोळे नासले माझे," त्या म्हणतात. "कागद हातात आला की चुका दिसतात, माणूस दिसत नाही." म्हणून पत्रं काका वाचून दाखवतात. काका म्हणजे ताईंचे यजमान, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले मीटर रीडर. आयुष्यभर त्यांनी आकडे मोठ्याने वाचून शेजारी उभ्या असलेल्या कारकुनाला लिहायला सांगितले. तोच आवाज अजून कायम आहे. चढ नाही, उतार नाही.

मी त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या पुढे राहतो. पुरवणीचं तिसरं पान मीच लावतो, त्यामुळे दर बुधवारी सकाळी ऑफिसला जाताना ताईंकडून मजकूर घ्यायचा हा माझा शिरस्ता. मजकूर आधीच तयार असतो. पुढच्या आठवड्याच्या पत्रांचं वाचन तेवढं चालू असतं. स्वयंपाकघरात ताई मटार सोलत असतात, काका चष्मा नाकाच्या टोकाला आणून वाचत असतात, आणि मी कपाटाशेजारच्या स्टुलावर बसून चहा पीत असतो.

"'ताई, मी पूर्ण कोसळून गेले आहे.' पूर्णविराम. 'यांना माझ्याशी बोलायला वेळ नाही, सतत फोन, फोन, फोन.' तीनदा आहे. 'कधी कधी वाटतं जीव नकोसा झालाय.' पूर्णविराम."

"शेवटचं वाक्य कसं लिहिलंय?"

"निळ्या शाईत."

"अहो, तसं नाही. त्याच्या पुढे काय आहे?"

"'ता. क. माझ्या भावजयीला हे पत्र कळू देऊ नका, ती तुमचं सदर वाचते.'"

"मग ठीक आहे. भावजयीची काळजी आहे म्हणजे जीव अजून जागेवर आहे," ताई म्हणाल्या आणि पुढची शेंग उचलली. तरी त्या बाईला त्यांनी छापील उत्तराआधी त्याच दुपारी फोन केला, आणि तो फोन पाऊण तास चालला. हे मला काकांकडून कळलं. ताई असल्या गोष्टी सांगत नाहीत.

आता मुख्य गोष्ट. ताई वर्षातून एकदा, ज्यांनी ज्यांनी पत्ता दिलाय अशा सगळ्यांना एक कार्ड पाठवतात. कार्डावर एकच ओळ: 'मग काय झालं?' सोबत उत्तरासाठी कोरं कार्ड, त्यावर ताईंचा पत्ता. आमच्या संपादकांना हे खुळ वाटतं. "ताई, डॉक्टर कधी जुन्या पेशंटला विचारतो का, जिवंत आहात ना म्हणून?" असं त्यांनी एकदा म्हटलं होतं. ताई म्हणाल्या, "विचारायला हवं त्याने."

आलेली उत्तरं बिस्किटांच्या तीन रिकाम्या डब्यांत जातात. एकावर चिठ्ठी आहे 'ऐकलं', दुसऱ्यावर 'नाही ऐकलं', तिसऱ्यावर 'ऐकून फसले'. दुसरा डबा सगळ्यात जड. त्यातली कार्डं वाचताना काकांचाही आवाज किंचित हलतो. 'तुमचं ऐकलं नाही, आता सुखात आहे, आभारी आहे.' 'तुम्ही सांगितलं ते माझ्या बायकोला आवडलं आणि मला नाही, म्हणून केलं नाही, आणि आता बायको तुम्हालाच पत्र लिहिणार आहे, तर ते दुर्लक्षावं.' तिसऱ्या डब्यात या वर्षापर्यंत अकरा कार्डं होती. ती ताईंना तोंडपाठ आहेत.

बारावं कार्ड ज्या बुधवारी आलं, त्या दिवशी मी स्टुलावरच होतो.

काका वाचू लागले. "'ताई, मी औषधांच्या दुकानात काम करते. आठ महिन्यांपूर्वी मी वडिलांच्या स्कूटरबद्दल विचारलं होतं. तुम्ही सांगितलं तसंच केलं.' पूर्णविराम. 'ते अंघोळीला गेले असताना खिळ्यावरची किल्ली काढून लपवली. ते रागावले तेव्हा तुमचं उत्तर दाखवलं. त्याच दिवशी ते घर सोडून गेले. आठ महिने माझ्याशी बोललेले नाहीत. तुमचं कात्रण पाकिटात घालून फिरतात. मी त्यांची एकुलती एक. आई नाही.' संपलं."

ताईंच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"मी सांगितलं तसंच?"

"असं लिहिलंय खरं."

"पुन्हा वाचा."

काकांनी पुन्हा वाचलं, त्याच आवाजात. ताईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "उपसंपादक, चहा झाला का? झाला असेल तर चल."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? त्या माणसाकडे."

आधी आम्ही औषधांच्या दुकानात गेलो आणि मुलीकडून वडिलांचा पत्ता घेतला. पस्तिशीची बाई, पांढरा कोट घातलेली. पत्ता लिहून देताना तिने तीनदा खोडलं. "तुम्ही जाऊन काय होणार?" ती म्हणाली. "मी बावीस वेळा जाऊन आले." त्या वाक्यात राग कोणावर होता ते मला कळलं नाही. ताईंना कळला असावा, कारण पत्ता घेऊन त्या माझ्याआधी पायऱ्या उतरल्या.

वडील म्हणजे शहरातले नावाजलेले ड्रायव्हिंग मास्तर. निम्म्या शहराला ब्रेक मारायला त्यांनी शिकवलं आणि उरलेल्या निम्म्याला हॉर्न. आता त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल चालवायला घेतलंय. त्याच्या मागच्या खोलीत ते राहत होते. खोलीत खाट, रस्त्यावरच्या खुणांचा मोठा तक्ता, भिंतीला टेकवलेलं एक सुटं स्टिअरिंग, आणि शिकाऊ लोकांचा बाक. ताईंना खुर्ची मिळाली, मला बाक.

"तुम्ही त्या पेपरवाल्या?" मास्तरांनी विचारलं.

"हो, मीच."

"बसा नीट. खुर्चीला पट्टा नाही, नाहीतर लावा म्हटलं असतं." मग माझ्याकडे वळून, "हा कोण? मुलगा?"

"पेपरातला आहे. पान लावतो."

"लायसन आहे का रे?"

"नाही," मी म्हणालो.

"दिसतंच आहे. बसतोय बघा कसा, पाय कुठे, लक्ष कुठे."

ताईंनी वेळ घालवला नाही. "मुलीचं कार्ड आलं. काय झालं ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

मास्तर तक्त्याकडे वळले. "बाई, मला कमी दिसतं हे मला ठाऊक नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? फुटपाथवर गाडी चढली ती माझीच होती. कोपऱ्यावरच्या कुंड्या फुटल्या त्याही माझ्यामुळेच. जन्मभर लोकांना सांगत आलो, डोळे गेले की हात काढायचे. पोरगी म्हणत होती, बाबा गाडी सोडा. मी नाही म्हणत होतो. सहा महिने नाही म्हटलं असतं, सातव्या महिन्यात दिली असती. माणसाला 'नाही' म्हणून घ्यायला थोडा वेळ लागतो की नाही?"

"लागतो."

"एकोणीस वर्षं किल्ली त्या खिळ्यावर होती. अंघोळ करून बाहेर आलो, खिळा मोकळा. म्हटलं, किल्ली कुठे? तर पोरीने हे पुढे केलं." त्यांनी पाकिटातून कात्रण काढलं. घड्या पडून पडून ते मधोमध विरलं होतं. "चोरी तर केलीच, वर पेपरची परवानगी दाखवली. नाव नव्हतं माझं, पण 'निवृत्त ड्रायव्हिंग शिक्षक' असं छापलेलं. शहरात आणखी किती आहेत? वॉचमनसुद्धा म्हणाला, मास्तर, तुमची गाडी पेपरवाल्यांनी काढली म्हणे."

"वाचून दाखवता?" ताई म्हणाल्या. आपलं सदर छापून आल्यावर त्या कधीच वाचत नाहीत. छापलेल्यात चूक दिसली तरी दुरुस्त करता येत नाही, मग कशाला जीव जाळून घ्यायचा, असं त्यांचं म्हणणं.

मास्तरांनी कात्रण डोळ्यांना जवळजवळ चिकटवलं. "'वडिलांनी आता गाडी चालवता कामा नये. इथे माया आड आणू नका. उद्या रस्त्यात एखादं पोर आडवं आलं तर तुमची माया त्याला वाचवणार नाही. किल्ली वडिलांकडे राहता कामा नये. आजच कामाला लागा.'"

"पुढे?" ताईंनी विचारलं.

"पुढे काय? पुढे गादीची जाहिरात आहे."

मी तक्त्यावरची 'पुढे धोक्याचे वळण' ही खूण फार बारकाईने बघू लागलो. ती गादी मला आठवली. शुक्रवारी दुपारी उशिरा आलेली, दीड कॉलम रुंद, 'पाठदुखीला निरोप द्या'. तिला जागा करायला मी तीन मजकुरांच्या शेपट्या कापल्या होत्या. आमच्या धंद्यात पहिला धडा हाच: जागा कमी पडली की शेवटून कापायचं. कापलं काय होतं ते मात्र आठवेना. कापताना कोण वाचतं?

ताईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग मास्तरांना म्हणाल्या, "चुकलं माझं."

"तुम्ही इथे येऊन म्हणालात, ऐकलं मी. पण बाई, किल्ली गेली ती पेपरात छापून. ती अशी घ्यायची नव्हती हेही पेपरात छापून येऊ दे. त्याच जागी. मग माझी पोरगी येऊ दे, मी बोलतो तिच्याशी."

"गाडी परत हवी का?"

"गाडी काय करायचीय? सांगितलं ना, दिसत नाही."

"येईल छापून," ताई उठत म्हणाल्या.

बसमध्ये मी दोन थांबे गप्प राहिलो. एरवी मी अर्धा थांबाही गप्प राहत नाही. तिसऱ्या थांब्याला म्हणालो, "ताई, शेवटच्या ओळी मी कापल्या."

"पाच ओळी. 'मात्र किल्ली खिळ्यावरून उचलू नका. समोर बसून मागा. नाही म्हणाले तर उद्या पुन्हा मागा. ते गाडीवरून जिथे जातात तिथे जायची सोय आधी करा. ज्याची किल्ली, त्याच्याच हातून आली पाहिजे.'" त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

"मग चूक माझी आहे."

"तुझी आहेच. तुझ्या चुकीचं तू बघ. माझी वेगळी आहे. कात्री शेवटून चालते हे मला बावीस वर्षं माहीत. तरी मी सगळ्यात महत्त्वाचं शेवटी ठेवलं. का? तर शेवट झोकात व्हावा. 'ज्याची किल्ली, त्याच्याच हातून' वगैरे. आणि छापून आलेलं उलटून वाचलं नाही. शेवट झोकात झाला, आणि त्या पोरीचा बाप घरातून गेला." तिकिटाची सुरळी करून त्यांनी ती पर्समध्ये टाकली. "उतर, आपला थांबा आला."

संपादकांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं गेलो. ताईंनी कागद टेबलावर ठेवला. संपादकांनी वाचला आणि चष्मा काढला. ते चष्मा काढतात तेव्हा नाही म्हणणार असतात, हे आख्ख्या ऑफिसला ठाऊक आहे.

"ताई, आपण दुरुस्ती कशाची छापतो? नाव चुकलं, तारीख चुकली, मेला म्हणून छापलेला माणूस जिवंत निघाला. सल्ल्याची दुरुस्ती कुठला पेपर छापतो?"

"आपला."

"उद्या दारात रांग लागेल. ताईंचं ऐकून माझं हे झालं, माझं ते झालं."

"लागू दे. मी वर्षातून एकदा कार्ड पाठवून ती रांग बोलावतेच आहे."

मी घसा खाकरला. "सर, ओळी मी कापल्या होत्या. गादीच्या जाहिरातीसाठी."

संपादकांचा चेहरा उजळला. मी नोकरीला लागल्यापासून माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "मग मिटलं की! दुसऱ्या पानावर, तळाशी, दोन ओळी टाकू. 'जागेअभावी काही मजकूर वगळला गेला, क्षमस्व.'"

"जागेअभावी झालेली चूक जागेअभावी तळाशी छापायची?" ताई म्हणाल्या. "नाही. तिसरं पान. सदराची जागा. सदराएवढीच. माझ्या नावाने."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

मला वाटलं, आता राजीनामा येतो. संपादकांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी खुर्ची थोडी मागे घेतली.

"तर काही नाही," ताई म्हणाल्या. "दर बुधवारी मी हाच कागद देईन."

आणि त्यांनी दिला. पुढच्या बुधवारी मी गेलो तर मटार चालू, वाचन चालू, आणि पाकिटात तोच मजकूर, नव्या कागदावर, नव्याने लिहिलेला. "जुनाच दिला असता की," मी म्हणालो. "नव्याने लिहिला की नव्याने खरा वाटतो," त्या म्हणाल्या. संपादकांनी तो बाजूला ठेवला आणि हुकूम सोडला: या रविवारी जुनंच एखादं सदर पुन्हा छापा, कोणाला आठवतंय?

कुठलं जुनं छापायचं, हे ठरवायचं काम पान लावणाऱ्याचं, म्हणजे माझं. मी फार विचार करून निवडलं असं म्हणणार नाही. पण अगदी विचार न करता निवडलं असंही म्हणवत नाही. तीन डब्यांपैकी दुसरा डबा कोणता आणि त्यात कोणाकोणाची कार्डं आहेत हे स्टुलावर बसून बसून मला पाठ झालं होतं.

त्याच्या पुढच्या बुधवारीही ताईंनी तोच मजकूर दिला. मी आणखी एक जुनं सदर शोधलं. मधल्या काळात मास्तरांचा एक निरोप आला, त्यांच्या विद्यार्थ्याच्या हातून. 'दोन रविवार बघितलं. कळलं.' एवढाच. ताईंनी तो वाचून घेतला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच काकांवर खेकसल्या: कशावरून, तर चष्मा सारखा पुसता म्हणून. मुलीचा फोन आला, तिलाही त्यांनी एकच सांगितलं: "अजून नाही. थांबा." फोन ठेवल्यावर बराच वेळ त्यांचा हात फोनवरच होता.

"सरांनी नाही ऐकलं तर?" मी विचारलं.

"तर चौथा बुधवार आहे. मग पाचवा आहे. बुधवार काय त्यांच्या बापाचे नाहीत."

काका म्हणाले, "मीटर बंद ठेवलं तरी पाणी जायचं थांबत नाही." काकांचं हे वाक्य मला आजवर नीट कळलेलं नाही, पण त्या वेळी पटलं.

तिसऱ्या सोमवारी संपादकांच्या टेबलावर पत्रांचा छोटा ढीग झाला. त्यांनी मला आत बोलावलं आणि एक पत्र पुढे सरकवलं. "वाच."

मी काकांच्या आवाजात वाचलं. "'महोदय, रविवारी तुम्ही छापलेला प्रश्न मी चार वर्षांपूर्वी विचारला होता. माझा नवरा घरात काहीच काम करत नाही, असा तो प्रश्न. तो नवरा आता नाही. म्हणजे आहे, पण माझा नाही. आत्ताचा नवरा सगळं काम करतो आणि प्रश्न वाचून दोन दिवस जेवला नाही, कारण त्याला वाटतं मी त्याच्याबद्दल लिहिलं. याला जबाबदार कोण?'"

"पुढचं."

"'माझा मुलगा अभ्यास करत नाही, असं छापलंय. तो आता शाळेत शिक्षक आहे. त्याच्या वर्गातल्या पोरांनी पेपर फळ्यावर चिकटवला.'"

संपादकांनी चष्मा काढला. मग पुन्हा घातला. हे आम्ही कोणी आधी पाहिलं नव्हतं. "ही निवड कोणाची?"

"पान लावणाऱ्याची," मी म्हणालो.

"तुमच्या गावच्या शाळेत हेच शिकवलं का?"

"नाही सर. तिथे फक्त उत्तरं पाठ करून घ्यायचे."

त्यांनी पत्रं ढिगावर परत ठेवली. मग ताईंचा कागद ड्रॉवरमधून बाहेर आला. तिन्ही आठवड्यांचे तिन्ही कागद आले. त्यांनी फेकले नव्हते. "तिसरं पान. सदराची जागा," ते म्हणाले. "आणि एक ओळ कापलीस तर तुला गादीवर झोपवतो. कायमचं."

त्या रविवारी 'विचारून तर बघा'मध्ये प्रश्न नव्हता. सुरुवात अशी होती:

'किल्ली खिळ्यावरून उचलू नका, मागून घ्या. हे मी आठ महिन्यांपूर्वी एका मुलीला सांगायला हवं होतं. सांगितलंही होतं, पण अशा जागी की तिच्यापर्यंत ते पोचलं नाही. ती चूक माझी. तिच्या वडिलांनी जन्मभर शहराला गाडी शिकवली. गाडी कधी थांबवायची हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना विचारायला हवं होतं. मुलीने चोरी केली नाही. तिने माझं ऐकलं. राग धरायचा असेल तर माझ्यावर धरा, माझा पत्ता पेपरात आहे.'

पुढे आणखी दोन परिच्छेद होते, म्हातारपणी गाडी सोडणाऱ्यांसाठी, बस कुठली सोयीची वगैरे. ते कापले असते तरी चाललं असतं. ताईंनी ते मुद्दाम तसेच लिहिले होते.

रांग लागली नाही. नऊ पत्रं आली. त्यातली सहा बसच्या वेळा चुकल्या म्हणून.

पुढच्या दोन बुधवारी ताईंनी काहीच विचारलं नाही. औषधांच्या दुकानावरून जायचा रस्ता जवळचा असूनही मी लांबून जायचो. तिसऱ्या बुधवारी काकांच्या हातात कार्ड होतं, उत्तराचं, ताईंच्याच पत्त्याचं. पण अक्षर मुलीचं नव्हतं. मोठमोठं होतं, ओळ सोडून वर-खाली जाणारं.

"'बाई.' पूर्णविराम. 'छापलेलं विद्यार्थ्याकडून वाचून घेतलं. वॉचमनलाही वाचायला लावलं. सोमवारी पोरगी आली. किल्ली माझ्या हातात दिली आणि मग समोर बसून मागितली. मी नाही म्हटलं. मंगळवारी पुन्हा आली. पुन्हा नाही म्हटलं. बुधवारी दिली. पण फुकट दिली नाही. अर्धं शहर माझ्याकडे शिकलं, ही कधी शिकली नव्हती. आता रोज सकाळी मैदानावर ती चालवते, मी मागे बसतो. वळताना हात दाखवत नाही. आरशात स्वतःला बघते, मागचं बघत नाही. लायसन मिळेपर्यंत मी विद्यार्थ्याच्या खोलीतच राहणार, नाहीतर घरी ती ऐकणार नाही. पास झाली की घरी जाऊ, तिच्याच गाडीवर. तुमच्या त्या पान लावणाऱ्याला पाठवा. त्याला गरज आहे.' संपलं."

काकांनी कार्ड उलटं करून पाहिलं, मागे आणखी काही नाही ना म्हणून. मग चष्मा पुसला.

मी स्टुलावरून उठलो आणि पहिल्या डब्याचं झाकण उघडलं. "'ऐकलं' मध्ये ना?"

"नाही."

"अहो ताई, सगळं नीट झालं की आता."

"आठ महिने नीट नव्हतं," ताई म्हणाल्या. काकांच्या हातून त्यांनी कार्ड घेतलं आणि स्वतः तिसऱ्या डब्यात, मुलीच्या कार्डाच्या मागे, सरळ करून ठेवलं. झाकण लावलं. मग टोपली पुढे ओढली.

"अहो, पुढचं पत्र. आणि उपसंपादक, तुझा मजकूर त्या खिडकीत आहे. पहिली ओळ सोडून हवं ते काप."